कळतं, पण बोलता येत नाही

आमच्या सातारा-सांगली भागात कुणालाही विचारा, "तुम्हाला इंग्रजी येतं का हो?" "येतं" असं उत्तर मिळणार नाही आणि "येत नाही" असंही मिळणार नाही. समोरचा माणूस क्षणभर छताकडे बघेल, शर्टाची कॉलर सारखी करील आणि म्हणेल, "कळतं, पण बोलता येत नाही." गुरुजी हेच म्हणतात, सोसायटीचे सेक्रेटरी हेच म्हणतात आणि औषधाच्या दुकानातला पोऱ्याही हेच म्हणतो. ज्याला मुळीच कळत नाही, तोही बेधडक हेच म्हणतो. कारण कळतं की नाही हे तपासायचं झालं, तर विचारणाऱ्याला इंग्रजीत बोलावं लागेल. आणि विचारणारा आमच्याच भागातला असल्यामुळे तो धोका नसतो.

मी या वाक्याचा पिढीजात वारसदार आहे. जन्म साताऱ्याचा, शिक्षण बी.कॉम., नोकरी बँकेत कारकुनाची, बदली सांगलीला आणि सासुरवाड जत तालुक्यातली. या पाच गोष्टींत माझं सगळं चरित्र संपतं. सातारा आणि सांगली म्हणजे तसे एकाच घरातले दोन भाऊ. १९४९ साली वाटणी झाली. थोरला उत्तर सातारा झाला आणि आजूबाजूची संस्थानं पोटात घेऊन धाकटा दक्षिण सातारा झाला. धाकट्यानं पुढे १९६० साली नाव बदलून सांगली असं करून घेतलं. वाटणीत किल्ले आणि महाबळेश्वरचा पाऊस साताऱ्याकडे राहिला. हळद, द्राक्षं, नाटकं आणि कानडी मुलखाची शीव सांगलीच्या वाट्याला आली. इंग्रजी मात्र कुणाच्याच वाट्याला धड आलं नाही.

असं म्हटलं की सातारकर लगेच पाचगणी पुढे करतो. त्याचंही खरं आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारूख बलसारा नावाचा, झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा शिकत होता. तिथेच त्यानं मित्र जमवून वाद्यवृंद काढला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावानं इंग्लंडातल्या लोकांना इंग्रजी गाणी ऐकवली. म्हणजे आमच्या जिल्ह्यानं प्रत्यक्ष इंग्रजांना इंग्रजी पुरवलेलं आहे. फक्त ते पसरणीचा घाट उतरून खाली वाईपर्यंत कधी आलं नाही. आणि आलं असतं तरी उपयोग नव्हता. वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तिथे इंग्रजी शब्द दिसला की त्याला धरून मराठी करून सोडतात.

सांगलीकर गप्प बसतो असं नाही. तो १९१९ सालचं विलिंग्डन कॉलेज काढतो. (त्याच साली कऱ्हाडजवळच्या काले गावी कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली, असं सातारकर शांतपणे सांगतो आणि तो मुद्दा बरोबरीत सुटतो.) मग सांगलीकर नाटकावर येतो. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला 'झुंझारराव' करून रंगभूमीवर उभा केला. म्हणजे इंग्रजी आमच्याकडे आलं, पण मराठी कपडे घालून आलं. शेवटी मिरज. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं. तिथे अजूनही रोगी दुखणं कानडीत सांगतो, नातेवाईक ते मराठीत समजावतो, डॉक्टर औषध इंग्रजीत लिहितात आणि बिल आकड्यांत येतं. त्यातलं बिलच काय ते सर्वांना सारखं कळतं.

आमच्या घरात इंग्रजी किती जुनं आहे, याचा मी एकदा हिशेब मांडला. माझे वडील १९५८ साली आठवीत गेले. त्या वेळी मुंबई राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजीची पहिली भेट आठवीत होत असे. मिशी फुटायच्या वयात ते ए, बी, सी, डी गिरवत होते. माझ्या वेळी इंग्रजी पाचवीत आलं. २००० सालापासून सरकारनं ते पहिलीपासून केलं. माझ्या मुलीनं ते बालवाडीत धरलं. वडिलांची आठवी, माझी पाचवी, नंतरची पहिली, मग बालवाडी! कॉमर्सच्या माणसाला या आकड्यांची पुढची ओळ दिसल्याशिवाय राहत नाही. माझ्या नातवंडांना इंग्रजी आईच्या पोटातच सुरू करावं लागणार. अभिमन्यूचं तसंच झालं होतं. आत शिरायचं तेवढं कळलं, बाहेर पडायचं राहिलं. आमच्या भागात इंग्रजीचं नेमकं तेच होतं. 'ॲक्च्युअली' म्हणून वाक्यात सगळेच शिरतात. बाहेर पडायची वेळ आली की "म्हणजे काय, की..." म्हणून मराठीच्या खिडकीतून उडी मारतात.

बँकेत तर मी तीन भाषांच्या कात्रीत बसलेला आहे. पैसे भरायची स्लिप मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत छापलेली असते. गिऱ्हाईक तिन्ही बाजूंनी तिच्याकडे बघतं आणि मग माझ्याकडे ढकलून म्हणतं, "तुम्हीच भरा." भिंतीवर एक फळा आहे. त्यावर रोज 'आज का शब्द' लिहायचा असतो. १९७६ च्या राजभाषा नियमांप्रमाणे महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात मोडतो आणि मॅट्रिकला हिंदी विषय घेऊन पास झाल्यामुळे मला हिंदीचं 'कार्यसाधक ज्ञान' आहे, असं सरकारनं मान्य केलेलं आहे. माझ्या कुठल्याही ज्ञानाला सरकारनं दिलेली ही एकमेव मान्यता. इंग्रजीबद्दल सरकारनं तसं काहीच म्हटलेलं नाही. ते गृहीत धरलेलं आहे.

गिऱ्हाइकाच्या बाबतीतही ते गृहीतच धरतात. आमच्या बँकेतून मोबाइलवर जो निरोप जातो, तो इंग्रजीत जातो. लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये २०२४ पासून जमा व्हायला लागले, तेव्हा काउंटरपुढे बायकांची रांग लागायची. पैसे काढायला नव्हे, तर निरोप वाचून घ्यायला. एक आजी तर दर महिन्याला यायच्या. पदराच्या गाठीतून मोबाइल काढायचा, काचेच्या फटीतून आत सरकवायचा आणि एवढंच विचारायचं, "बाळ, आलं का गेलं?" चार ओळींच्या इंग्रजीतून त्यांना फक्त दोन शब्दांचा निकाल हवा असे.

ऐकायला हा प्रश्न सोपा वाटतो. पण मी बी.कॉम. आहे. कॉलेजात मला शिकवलं होतं, 'डेबिट व्हॉट कम्स इन, क्रेडिट व्हॉट गोज आउट.' म्हणजे येईल ते डेबिट, जाईल ते क्रेडिट. सबंध इंग्रजी भाषेतलं एवढं एकच वाक्य मी न अडखळता म्हणू शकतो. आणि बँकेचा निरोप नेमका उलटा! पैसे गेले की 'डेबिटेड', आले की 'क्रेडिटेड'. कारण निरोप बँकेच्या वहीतून येतो. आजींच्या खात्यातले पैसे हे बँकेचं आजींना देणं, म्हणून ते वाढले की बँकेच्या वहीत क्रेडिट. हे सगळं मी आजींना समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे बाळ. आलं का गेलं?" इंग्रजी न येणाऱ्या माणसाला काय पडतं, हे त्या एका प्रश्नात आहे. स्वतःचे पैसे आले की गेले, हे तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. आणि तो दुसरा माणूस प्रत्येक वेळी बँकेचा कारकूनच असेल, असं नाही. फोनवर गोड बोलून ओटीपी विचारणाराही तिला "आलं" असंच सांगतो.

पण भाषा येणं म्हणजे काय, याचा माझा सगळा समज ज्या माणसानं मोडून टाकला, तो विट्याकडचा एक गलाईवाला. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातली माणसं सोन्याचांदीच्या गाळपाच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ज्या गावात सराफकट्टा आहे, त्या गावात आमच्याकडचं एक तरी बिऱ्हाड असायचंच. तर हे गृहस्थ यात्रेसाठी गावी आले होते आणि खात्याचं काम घेऊन माझ्यापुढे बसले होते. फॉर्म इंग्रजीत होता म्हणून मी विचारलं, "तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"न्हाई ओ साहेब. आमी सातवी नापास मानसं. आपली एक मराठी. दुसरं काय बी येत न्हाई."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. पुढची दहा मिनिटं ते गृहस्थ डब्यात खडे घालून हलवल्यासारख्या एका भाषेत बोलत होते. मधे हसले, मधे रागावले, मधे बहुतेक शिवीही दिली. फोन ठेवला, तो दुसरा वाजला. ही भाषा वेगळी होती, पण वेग तोच. मी पेन खाली ठेवलं.

"ही कुठली भाषा?"

"आदूगरची मल्याळी. त्रिचूरला दुकान हाय आपलं, तीस वर्सं झाली. मागनं बोललो ती तमिळ. कोइमतूरचा शेट हुता."

"अहो, मग तुम्हाला मल्याळी येतं, तमिळ येतं. मघाशी काहीच येत नाही म्हणालात!"

"येतंय कशाचं, साहेब?" ते खरोखरच ओशाळले. "निस्तं बोलाय येतंय."

नुसतं बोलता येतं! त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. म्हणजे जी भाषा कळते पण बोलता येत नाही, ती आमच्या भागात 'येते' या सदरात जमा. आणि जिच्यात माणूस तीस वर्षं धंदा करतो, हसतो, भांडतो, उधारी वसूल करतो, ती 'येत नाही' या सदरात. कारण एकीचा पेपर दिलेला आहे आणि दुसरीचा नाही. पस्तीस मार्कांचा शिक्का बसल्याशिवाय आम्ही भाषेला भाषा मानत नाही.

आणि मग मला माझ्याच घरातला एक जुना घोटाळा दिसू लागला. माझ्या सासूबाई. त्या जत तालुक्याच्या अगदी दक्षिणेकडच्या, जिथे जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा आहेत त्या भागातल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून मिरजेला आल्या आणि मुलगी एकुलती एक असल्यामुळे आमच्याकडेच राहिल्या. मी त्यांना मामी म्हणतो, त्या मला जावईबापू म्हणतात, बायको त्यांना अव्वा म्हणते आणि मुलगी आज्जी म्हणते. शेजाऱ्यांशी, भाजीवाल्याशी, माझ्याशी त्या मराठीत बोलतात. दुपारी मात्र त्यांच्या बहिणीचा फोन येतो आणि स्वयंपाकघरात अर्धा तास कानडी सुरू असते. त्या अर्ध्या तासात त्या दहा वर्षांनी तरुण होतात. बायकोची शाळा मराठी, त्यामुळे तिची कानडी फक्त आईपुरती. तीसुद्धा माझ्यापासून काही लपवायचं असेल तेव्हाच बाहेर निघते. विषय माझा असला की मला ती कळते, पण बोलता येत नाही.

पैसे मात्र सासूबाई कानडीतच मोजतात. वंदु, यरडु, मूरु, नालकु... माझा कॅश काउंटरवरचा वीस वर्षांचा अनुभव सांगतो, की माणूस परक्या भाषेत नोटा मोजत नाही. सांगलीच्या पेठेत मराठीत बोलणारा व्यापारी नोटांचं बंडल हातात आलं की गुजरातीत शिरतो. मिरजेकडचा वाद्यं करणारा कारागीर उर्दूत मोजतो. घरची भाषा कोणती हे माणसाला विचारू नये, त्याच्या हातात वीस नोटा द्याव्यात. आता नोटा मोजायचं यंत्र आलं आणि हा पुरावाही बुडाला.

मुलीच्या शाळेनं या घोटाळ्यात भर घातली. पालकसभेत बाईंनी सांगितलं, "प्लीज, घरी मुलांशी इंग्रजीतच बोला." हे वाक्य त्या मराठीत बोलल्या, कारण ते पालकांना कळणं आवश्यक होतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी इंग्रजी सुरू झालं. "ब्रश कर. फास्ट फास्ट मिल्क फिनिश कर. सॉक्स वेअर कर. क्राय करू नको, मी काय सांगत्ये?" माझ्या बायकोच्या इंग्रजीत नामं इंग्लंडची आणि क्रियापद एकच: कर. या एका देशी इंजिनावर ती परदेशी डबे कितीही लांबपर्यंत ओढते.

सासूबाई या सगळ्यात पडत नसत. पण एके दिवशी मुलगी शाळेतून आनंदानं सांगत आली, "मी टीचरना सांगितलं, माझ्या आज्जीला इंग्लिश येतं." घरात शांतता पसरली. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. जतकडच्या कानडीत 'नको' म्हणायचं झालं की 'ब्याड' म्हणतात. "आज्जी, कॉफी?" "ब्याड." "आज्जी, टीव्ही लावू?" "ब्याड." मुलीला वाटे, आज्जीचं प्रत्येक गोष्टीबद्दल इंग्रजीत एक ठाम मत आहे. टीव्हीबद्दलचं मत तर आम्हा सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण २०२१ ची जनगणना लांबली आणि ती २०२७ साली होणार असल्याचं सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलं. फॉर्म दिसला की कारकुनाचा हात शिवशिवतो. कच्चा मसुदा पेन्सिलीनं भरून ठेवावा म्हणून मी शेजारच्या गुरुजींकडे गेलो. २०११ साली ते प्रगणक होते. त्यांनी तेव्हाचे नियम सांगितले. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलत होती ती. आई लहानपणीच गेली असेल, तर घरात मुख्यतः बोलली जायची ती. आणि त्याशिवाय येणाऱ्या भाषा, जास्तीत जास्त दोन. आमच्या गलाईवाल्याला हा रकाना अपुरा पडणार, हे मला तिथेच दिसलं.

"पण भाषा 'येणं' म्हणजे काय धरता?" मी विचारलं.

"लिहिता-वाचता आलीच पाहिजे असं नाही," गुरुजी म्हणाले. "बोलता आलं पाहिजे आणि समोरच्याचं बोलणं समजलं पाहिजे. बस्स."

मी खुर्चीत ताठ झालो. म्हणजे सरकारच्या नियमाप्रमाणे 'निस्तं बोलाय येतंय' याला पैकीच्या पैकी मार्क आणि 'कळतं, पण बोलता येत नाही' याला शून्य! आमच्या दोन जिल्ह्यांची जनता २०११ साली ५८ लाखांवर होती. तिच्यातला इंग्रजी 'कळणारा' भाग एका वाक्यानिशी नापास झाला होता. सबंध देशात त्या साली इंग्रजी मातृभाषा सांगणारे सुमारे २ लाख ६० हजार निघाले आणि त्यांतले एक लाखाहून जास्त आपल्या महाराष्ट्रातले. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येतं असं सांगणारे जवळजवळ १३ कोटी. यांतल्या किती जणांना प्रगणकानं "बोलून दाखवा" म्हटलं असेल, याचा मी विचार करत बसलो. मातृभाषा म्हणून लोकांनी देशभरात १९ हजारांवर वेगवेगळी नावं सांगितली. सरकारी छाननीत ती १,३६९ झाली आणि शेवटी १२१ भाषांच्या खात्यांत जमा झाली. जमाखर्च जुळवायची ही पद्धत मला बँकेमुळे परिचयाची आहे.

रविवारी दुपारी मी पेन्सिल घेऊन बसलो. पहिला मान सासूबाईंना दिला.

"मामी, मागच्या गणतीला मातृभाषा काय सांगितली होती?"

"मराठी," त्या तांदूळ निवडत म्हणाल्या.

"का? तुमच्या आई तर कानडीतच बोलत ना?"

"दारात चार माणसं हुती. कानडी म्हटलं की इचारत्यात, मग हिकडं कशाला ऱ्हाता?" त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "तिकडं गेलं की म्हणत्यात, तुमी मराठी."

त्यांचं चुकीचं नव्हतं. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला, तेव्हा आमच्या घरातला टीव्ही आठ दिवस ओरडत होता. सासूबाईंनी एकदाच मान वर करून विचारलं होतं, "पाणी कोण देतंय ते सांगितलं का?" ते कुणी सांगत नव्हतं. त्यांनी "ब्याड" म्हणून टीव्ही बंद करायला लावला.

"आता काय लिहू?"

त्या बराच वेळ ताटातल्या तांदळाकडे बघत राहिल्या. "माझी आई मला कानडीत मारायची," त्या म्हणाल्या. "लिवा कानडी."

बायकोचंही तेच. मातृभाषा कन्नड, इतर भाषा मराठी आणि हिंदी. माझी मराठी, सरकारमान्य हिंदी, आणि त्यापुढची जागा मी तूर्त कोरी ठेवली. मग मुलीची पाळी आली. नियम असा, की आई लहानपणी जी बोलली ती. बायको लहानपणी तिच्याशी बोलली ते 'फिनिश कर'. ही कुठली भाषा? १९ हजार नावांतही ती नसावी.

"मराठी लिहा," बायको म्हणाली. मग थांबली. "पण झोपवताना मी अव्वाचं गाणं म्हणत होते. अंगाई मला दुसरी येतच नव्हती."

"म्हणजे कानडी."

"हो. पण ते अंगाईपुरतंच. तिला कुठे येते कानडी?"

मुलगी दारात उभी होती. "येते," ती म्हणाली. आज्जीनं मान वर केली. मुलीनं क्षणभर छताकडे पाहिलं, फ्रॉकची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "म्हणजे... कळते, पण बोलता येत नाही."

कुणीच हसलं नाही. आमच्या घराण्याचं वाक्य पुढच्या पिढीत पोचलं होतं, पण वेगळ्या भाषेसाठी. मी मनात हिशेब केला. सासूबाईंना कानडी सगळी येते, बायकोला गरजेपुरती, मुलीला कळण्यापुरती. इंग्रजी आमच्या घरात दर पिढीला तीन-चार इयत्ता अलीकडे आलं आणि कानडी तेवढीच पलीकडे सरकली. इंग्रजीसाठी आम्ही पालकसभा घेतल्या, शिकवण्या लावल्या, फिया भरल्या. कानडी घरात फुकट होती, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"हिकडं ये," सासूबाई नातीला म्हणाल्या. त्यांनी तांदळातले खडे एका ओळीत मांडले. "मोज. वंदु."

"वंदु," मुलगी म्हणाली.

"यरडु."

मूरुपर्यंत ठीक गेलं, नालकुला जीभ अडखळली, पुन्हा वंदुपासून सुरुवात झाली. मी मुलीच्या पुढचा 'इतर भाषा' हा रकाना पेन्सिलीनं हलकेच भरायला घेतला आणि थांबलो. गणतीची तारीख १ मार्च २०२७ आहे. नियमाप्रमाणे नुसतं बोलता आलं की पुरे आणि तेवढ्यासाठी घरात शिक्षक हजर आहे.

दहा खडे मोजून झाल्यावर सासूबाईंनी माझ्या कागदाकडे नजर टाकली.

"जावईबापू, तुमचं हितं रिकामं का?"

"ते इंग्रजीसाठी ठेवलंय, मामी. मला कळतं, पण... लिहू का?"

"ब्याड," त्या म्हणाल्या.

कोणत्या भाषेत म्हणाल्या, ते मी विचारलं नाही. दोन्ही भाषांत अर्थ बरोबर लागत होता.